एलिट बेसबॉल शोकेसचं खरं बोलावणं येतं कुठून

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा दहावीत, म्हणजे सोफोमोर, एडिसनला शाळा, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फिल्डर) खेळतो आणि पिचिंगही करतो, म्हणजे बॅटरला बॉल टाकतो, फास्टबॉल ताशी ८४ माईल्स, साठ यार्ड पळायला ७.०५ सेकंद, मार्क उत्तम. शोकेससाठी, म्हणजे खेळाडू हेरणारे स्काउट आणि कॉलेज कोच यांच्यापुढे खेळ दाखवायच्या इव्हेंटसाठी, "तुमच्या मुलाची निवड झाली आहे" अशा तीन मेल आल्या आणि तिन्ही ठिकाणी पैसे भरायला सांगतायत. आणि त्याच्याच टीममधल्या आता बारावीत असलेल्या मुलाला गेल्या उन्हाळ्यात एरिया कोड गेम्सच्या ट्रायआउटला बोलावलं होतं, त्याने तर कुठे अर्जसुद्धा केला नव्हता. मग हे बोलावणं येतं कसं, मेल कोणाला करायची, आणि आपल्या आडनावाच्या पोराला बोलावतात का.

मी गेली सोळा वर्षं न्यू जर्सीत ट्रॅव्हल टीम (शाळेबाहेरची क्लब टीम) आणि हायस्कूल दोन्हीकडे कोचिंग करतोय, लहानपणी जळगावला शाळेच्या टीममधून सॉफ्टबॉल खेळलो तिथून हे वेड लागलं, आणि माझी दोन्ही मुलं यातूनच गेली. त्यामुळे जे सांगतोय ते स्वतः पैसे भरून आणि चुका करून कळलेलं आहे.

तुमच्या त्या टीममेटने अर्ज केला नव्हता, त्यातच अर्धं उत्तर आहे. सगळ्यात वरच्या इव्हेंटना अर्जाची पद्धतच नाहीये. एरिया कोड गेम्स १९८७ पासून कॅलिफोर्नियात होतात, ऑगस्टमध्ये, देशाचे भाग पाडून आठ टीम करतात, टीमला नाव आणि युनिफॉर्म एमएलबी (मेजर लीग बेसबॉल, सगळ्यात वरची प्रो लीग) क्लबचा असतो आणि पोरं निवडतात ती त्या त्या भागातले स्काउट. आधी आपापल्या भागात ट्रायआउट होतं आणि त्या ट्रायआउटलासुद्धा स्काउटने नाव दिलं असेल तरच बोलावणं येतं. ईस्ट कोस्ट प्रो नावाचा दुसरा असाच इव्हेंट आहे, आपल्या बाजूच्या पोरांसाठी तो फार मोठा, तोही स्काउट लोकच चालवतात आणि तिथेही रस्ता तोच, एरिया स्काउट नाव पुढे करतो. म्हणजे तुम्ही शंभर मेल केल्या तरी त्याचा इथे काही उपयोग नाही, तुमच्या मुलाचं नाव तिसऱ्याच माणसाने घ्यावं लागतं, आणि तो माणूस असा हवा की ज्याचा शब्द स्काउट मानतो.

परफेक्ट गेमचं गणित जरा वेगळं आहे. त्यांचे शोकेस खूप आहेत आणि बरेचसे पैसे भरून कोणालाही खेळता येतात, तिथे मोजमाप होतं, दहापैकी ग्रेड मिळते, रिपोर्ट लिहितात, आणि त्यातून जे वर दिसतात त्यांना मग ज्युनियर नॅशनल किंवा नॅशनल शोकेसला बोलावतात, आणि त्याच्याही वर त्यांची ऑल-अमेरिकन क्लासिक, ती २००३ पासून आहे, तिथे देशातली मोजकी पोरं. म्हणजे इथे खालचं दार उघडं आहे पण वरचं दार आतूनच उघडतं. प्रेप बेसबॉल, ज्याला सगळे अजून पीबीआर म्हणतात, ते राज्याराज्यात चालतं, राज्याचा त्यांचा माणूस असतो जो हायस्कूलच्या मॅच फिरून बघतो, आणि त्यांचे फ्युचर गेम्स आहेत ज्यात राज्याराज्यांच्या टीम जातात, मुख्यतः अकरावीत जाणाऱ्या पोरांची. तुमच्या मुलासाठी येत्या उन्हाळ्यातलं खरं लक्ष्य मला हे वाटतं. एरिया कोडची मोठी टीम आणि ईस्ट कोस्ट प्रो हे त्याच्यासाठी पुढच्या वर्षीचं, अकरावी संपल्यावरचं काम. तुमच्याकडे अजून दीड वर्षं आहे, घाई करू नका.

आता त्या तीन मेल. अशी मेल आली की मी पालकांना सांगतो, उलट फोन करा आणि सरळ विचारा, माझ्या मुलाचं नाव तुम्हाला कोणी दिलं. खरं बोलावणं असेल तर समोरचा माणूस नाव सांगतो, अमुक कोच म्हणाले, किंवा आमचा माणूस अमुक मॅचला होता, त्याने दोन डबल (एका फटक्यात दुसरी बेस) मारलेले बघितले. मुलगा कोणत्या पोझिशनला खेळतो हे त्याला विचारावं लागत नाही. आणि जर उत्तर आलं की "आमच्या डेटाबेसमधून" तर ती जाहिरात आहे, तुमच्या मुलाने कधीतरी एखाद्या टूर्नामेंटला मेल आयडी दिला असेल तिथून आलेली. पुढे विचारा, किती पोरं येणार, कारण एका दिवसात एका ग्राउंडवर दीडशे पोरं असतील तर प्रत्येकाला बॅटिंग प्रॅक्टिसचे आठ-दहा बॉल आणि चार ग्राउंडर (जमिनीवरून येणारे बॉल) मिळतात, त्यात कोण काय बघणार. आणि गेल्या वर्षी कोणत्या कॉलेजचे कोच प्रत्यक्ष आले होते, त्यांची नावं विचारा, "येण्याची अपेक्षा आहे" हे उत्तर मान्य करू नका. सगळे पैसेवाले शोकेस वाईट असं मी म्हणत नाहीये, मोजमाप करून घ्यायला ते चांगलेच आहेत, फक्त त्याला निवड समजू नका आणि आजी-आजोबांना फोन करून निवड झाली असं सांगू नका, नंतर पोराच्या मनाला लागतं.

हे मी इतक्या कळकळीने का सांगतोय तर माझ्या मोठ्याच्या वेळी मी नेमकं हेच केलं. त्याच्या दहावीनंतरच्या उन्हाळ्यात आम्ही सात शोकेस केले, प्रत्येक वेळी वाटायचं इथे कोणीतरी बघेल. जूनमध्ये तो ८६ टाकत होता. मध्ये ट्रॅव्हल टीमच्या टूर्नामेंट चालूच, एका टूर्नामेंटमध्ये तर शुक्रवारी ७० बॉल टाकून रविवारी परत माउंडवर, म्हणजे पिचिंगला, उभं केलं आणि मी कुंपणाबाहेर गप्प उभा राहिलो, कारण मला वाटलं कोचला जास्त कळतं. ऑगस्टमध्ये सातव्या शोकेसला तो ८२ वर आला होता आणि कोपर दुखत होतं. आणि तो ८२ चा आकडा त्याच्या नावापुढे ऑनलाइन चढला तो चढलाच, पुढचे आठ महिने जो कोणी त्याचं नाव शोधेल त्याला ८२ दिसणार. सुदैवाने सर्जरी लागली नाही, चार महिने बॉल हातात घेतला नाही. पण ती गोष्ट मी विसरलो नाही.

म्हणून पिच स्मार्टचा तक्ता फ्रिजवर लावा. एमएलबी आणि यूएसए बेसबॉलने (देशाची बेसबॉल संघटना) मिळून २०१४ मध्ये काढलेला आहे, १५-१६ वर्षाच्या पोराने दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच, ७६ किंवा जास्त झाले तर चार दिवस विश्रांती, ६१ ते ७५ ला तीन दिवस, ४६ ते ६० ला दोन, ३१ ते ४५ ला एक. वर्षातून चार महिने स्पर्धेतलं पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन महिने तर डोक्यावरून थ्रो करणंच बंद. तुमचा मुलगा शॉर्टस्टॉप पण आहे, म्हणजे पिचिंग नसेल त्या दिवशीही त्याचा हात चालूच असतो, तो हिशोब कोणताच तक्ता धरत नाही, तो तुम्हालाच ठेवावा लागेल. वहीत तारीख आणि पिच लिहून ठेवा, कोचला ते आवडो न आवडो.

आता आकड्यांबद्दल, कारण नाव घेणाऱ्या माणसाच्या हातात आधी काहीतरी द्यावं लागतं. ८४ सोफोमोर वर्षात चांगला आहे, पण वरच्या शोकेसला बारावीत जाणारे पिचर बहुतेक ९० च्या आसपास किंवा वर दिसतात. साठ यार्ड ७.०५ शॉर्टस्टॉपसाठी कमी पडतं, ६.८ च्या खाली आणायला हवं. इन्फिल्डमधून पहिल्या बेसला थ्रो ८५ च्या वर लागतो. टीवरून (स्टँडवर ठेवून) मारलेल्या बॉलचा वेग, म्हणजे एक्झिट व्हेलो, तुम्ही लिहिलीच नाहीये, ती मोजून घ्या. आणि बॅट लाकडी वापरा, हायस्कूलमध्ये मेटलची बीबीकोर (ठरलेल्या मापदंडाची बॅट) चालते पण वरच्या शोकेसला लाकडीच असते, पोरं आयुष्यात पहिल्यांदा लाकडी बॅट शोकेसच्या दिवशी धरतात आणि मग आतल्या बॉलवर तीन बॅट मोडून घरी येतात. नोव्हेंबरपासून इनडोअरला लाकडीनेच मारू द्या.

साठ यार्डचं एक सांगतो, त्यातला बराच भाग शिकण्यासारखा असतो. पोरं ग्राउंडवर वर्षभर तीस यार्डाच्या पुढे सलग पळतच नाहीत आणि मग शोकेसला साठ पळायला लावलं की शेवटच्या वीसमध्ये ढेपाळतात. स्टार्ट, पहिली दहा पावलं, आणि सरळ रेषेत पळणं, शाळेच्या ट्रॅक कोचकडे आठवड्यातून दोनदा पाठवा, हिवाळ्यात इनडोअर ट्रॅक असेल तर टीमच जॉइन करू द्या. मी या एका गोष्टीतून तीन दशांश कमी झालेली पोरं बघितली आहेत, आणि ७.०५ चं ६.७५ होणं म्हणजे स्काउटच्या कागदावर वेगळाच मुलगा.

तरी आकडे म्हणजे दारातला पास. स्काउट २० ते ८० च्या मापावर ग्रेड देतात, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, आणि ते आज काय आहे याच्या शेजारी पाच वर्षांनी काय होईल तेही लिहितात. म्हणून ८७ टाकणारा सडपातळ, लांब हातापायाचा पोरगा, ज्याचा हात सैल आणि मोकळा फिरतो, तो ९० टाकणाऱ्या पूर्ण वाढलेल्या पोराच्या आधी निवडला जातो, आणि पालकांना वाटतं वशिला लागला. मी स्काउटना आई-वडिलांच्या उंचीकडे बघताना पाहिलंय, खरंच, मुलगा अजून किती वाढेल याचा अंदाज घेतात ते.

मग नाव घेणारा माणूस कोण, तर पहिला तुमच्या हायस्कूलचा कोच. बरेच पालक ट्रॅव्हल टीमवर हजारो डॉलर घालवतात आणि शाळेच्या कोचला विचारतच नाहीत, पण एरिया स्काउट वसंतात आधी फोन करतो तो शाळेच्या कोचला, यंदा कोण आहे तुमच्याकडे, आणि पुढच्या वर्षीचा कोण. हा दुसरा प्रश्न तुमचा. कोचला मुलाने स्वतः जाऊन भेटावं, आई-वडिलांनी नाही, आणि विचारावं की मला त्या लेव्हलला पोचायला काय कमी आहे तुमच्या मते. खरं उत्तर मिळेल, आणि कोचच्या डोक्यात तो मुलगा पण राहील. दुसरा माणूस म्हणजे असोसिएट स्काउट, हे बहुतेक निवृत्त कोच वगैरे असतात, जवळजवळ फुकट काम करतात, एरिया स्काउटसाठी गावोगावच्या मॅच बघतात. तुमच्या काउंटीत एखादा नक्की असेल, शाळेच्या कोचला माहीत असतो. तिसरा, पीबीआरचा राज्यातला माणूस, आणि चौथा म्हणजे समोरच्या टीमचा कोच. हा चौथा फार दुर्लक्षित आहे. ज्याने तुमच्या मुलाविरुद्ध मॅच हरली आहे त्याने "त्या शॉर्टस्टॉपला बघा" म्हटलं की त्याला वजन येतं.

यावरून एक खरी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक मुलगा होता, साठ यार्ड ७.१, कुठल्या यादीत नाव नाही, घरची परिस्थिती अशी की शोकेसचे पैसे भरणं शक्यच नव्हतं. एप्रिलमध्ये आमची मॅच अशा शाळेशी होती जिच्या पिचरला बघायला कुंपणामागे वीसेक स्काउट वेग मोजायची रडार गन घेऊन बसले होते. त्या दिवशी आमच्या पोराने ९२ चा आतला फास्टबॉल डाव्या कोपऱ्यात डबल मारला, पुढच्या वेळी स्लायडर (वळणारा बॉल) सोडला आणि वॉक (चार खराब बॉलवर मिळणारी पहिली बेस) घेतला, आणि तिसऱ्या वेळी साधा ग्राउंडर शॉर्टस्टॉपकडे गेला तरी पहिल्या बेसपर्यंत जीव तोडून पळाला. मॅच संपल्यावर दोघांनी मला येऊन त्याचं नाव आणि ग्रॅज्युएशनचं वर्ष विचारलं. त्यातल्या एकाने सांगितलं की डबल तर झालाच पण तो ग्राउंडरवर ४.२५ सेकंदात पळाला ते आम्ही मोजलं. जूनमध्ये त्याला रीजनच्या ट्रायआउटचं बोलावणं आलं. शेवटच्या टीममध्ये नाव लागलं नाही, पण त्या ट्रायआउटला बघून कॉलेजने ऑफर दिली आणि तो चार वर्षं खेळला.

तर वसंताचं शेड्यूल हातात आलं की समोरच्या टीममध्ये कोण मोठा पिचर आहे ते बघून ठेवा. त्या तारखेला मुलगा ताजा असला पाहिजे, आदल्या दिवशी ८० पिच टाकलेला नको.

मेल करायच्याच असतील तर कॉलेज कोचना करा, आणि उत्तर येत नाही म्हणून खचू नका, कारण नियमच तसा आहे. एनसीएए (कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन १, म्हणजे सगळ्यात वरच्या गटामध्ये, बेसबॉल कोचला अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाशी रिक्रूटिंगचं बोलता येत नाही, हा बदल २०२३ मध्ये झाला. ते मेल वाचतात, फक्त उत्तर देऊ शकत नाहीत, फार तर कॅम्पचं माहितीपत्रक पाठवतील. म्हणून येत्या १ ऑगस्टच्या आधी दोन-तीन महिने मेल जायला हव्यात, मुलाने स्वतः लिहिलेल्या, चार ओळी, ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन, उंची-वजन, कुठे आणि कोणी मोजलेले आकडे, जीपीए (मार्कांची सरासरी), कोचचा फोन, आणि उन्हाळ्याचं शेड्यूल. व्हिडिओ दोन मिनिटांचा, गाणं नको, स्लो मोशन नको. बॅटिंग समोरून आणि बाजूने, पिचिंग मागून आणि बाजूने, ग्राउंडर घेऊन थ्रो पूर्ण पहिल्या बेसपर्यंत जाताना दिसला पाहिजे, बरेच जण थ्रो सुटला की व्हिडिओ कापतात आणि कोचला तर तेच बघायचं असतं.

कॉलेजच्या जागांचं चित्रही माहीत असू द्या, कारण शोकेस शेवटी त्यासाठीच आहे. एमएलबी ड्राफ्ट (क्लब दरवर्षी नवे खेळाडू निवडतात तो) आधी ४० राउंडचा होता, २०२१ पासून २० राउंडचा आहे, म्हणजे हायस्कूलमधून थेट प्रो होणारी पोरं कमी झाली आणि ती सगळी कॉलेजला आली. त्यात ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंची यादी) तयार २१-२२ वर्षांचे खेळाडू मिळतात. आणि २०२५-२६ पासून नव्या व्यवस्थेत (कॉलेजने खेळाडूंना थेट पैसे देण्याची) सामील झालेल्या डिव्हिजन १ कॉलेजना रोस्टर, म्हणजे टीममधले खेळाडू, ३४ चा, आधी ४० पर्यंत असायचा. जुनी ११.७ स्कॉलरशिपची मर्यादा तिथे गेली हे खरं, पण जागा कमी झाल्या. त्यामुळे हायस्कूलच्या पोरासाठी आता आधीपेक्षा जास्त चुरस आहे.

आणि इथे तुमच्या मुलाचे मार्क कामाला येतात. आयव्ही लीग आणि डिव्हिजन ३ मध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते पण तिथले कोच ॲडमिशनमध्ये शब्द टाकू शकतात, आणि ज्याचे मार्क आधीच बसतात असा ८७ टाकणारा पोरगा त्यांना हवाच असतो. हेडफर्स्टचे ऑनर रोल कॅम्प याच प्रकारच्या कॉलेजांसाठी असतात, तिथे कोच स्वतः ग्राउंडवर पोरांबरोबर काम करतात. पैसे भरावे लागतात, थोडेथोडके नाही, पण तुम्ही पैसे कुठे घालू विचाराल तर मी त्या तीन मेल सोडून इथे घाला म्हणेन. माझा धाकटा अशाच एका कॅम्पमधून डिव्हिजन ३ ला गेला. शिवाय यूएसए बेसबॉलची एनटीआयएस म्हणून निवड मालिका आहे, बऱ्याच रीजनमध्ये ट्रायलला सरळ नाव नोंदवता येतं, तिथून रीजनची टीम नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला त्यांच्या मुख्य कॉम्प्लेक्सवर खेळायला जाते. ओळखपाळख नसलेल्या पोरासाठी हा मला सगळ्यात सरळ रस्ता वाटतो.

आडनावाचं विचारलंत. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये टोरोंटो ब्लू जेजने पहिल्याच राउंडला, विसाव्या नंबरवर, अर्जुन निम्माला नावाचा फ्लोरिडाचा हायस्कूल शॉर्टस्टॉप घेतला, आई-वडील भारतातून आलेले. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्या रात्री आमच्या घरात जो आरडाओरडा झाला तो मी अजून विसरलेलो नाही. गनवर आडनाव दिसत नाही ताई. आपल्याकडे अडचण वेगळी होते, आपल्या मागे या खेळातले काका-मामा नसतात, बाकीच्यांचे वडील स्वतः कॉलेजला खेळलेले असतात आणि त्यांना कोणाला फोन करायचा ते माहीत असतं. ती कमी भरून निघते, फक्त थोडं लवकर विचारायला लागावं लागतं, आणि तुम्ही तर दहावीतच विचारलंत.

माझ्या मते आत्ताचं असं करा. मार्चपर्यंत एकही शोकेस नाही, एक सोडून, शाळेचा सीझन सुरू व्हायच्या आधी पीबीआरचा राज्यातला एक प्रीसीझन इव्हेंट, तोही साठ यार्ड ६.९ च्या खाली आला असेल तरच, नाहीतर तोही जूनवर ढकला. डिसेंबर संपेपर्यंत थ्रोइंग बंद. जानेवारीपासून हळूहळू. कोचशी बोलणं याच आठवड्यात, मुलाने एकट्याने.

आणि मला एवढं लिहून कळवा, तो ८४ कुठे मोजलाय, बुलपेनमध्ये (सरावात) की मॅचमध्ये, गन कोणाची होती, आणि त्या आठवड्यात आधी किती बॉल टाकले होते. त्यावरून मार्चचा इव्हेंट घ्यायचा की नाही ते आपण नीट ठरवू.